सत्तेचाळीस किलोंचं लेकरू: बर्नर सेनेनहुंड घरी आणण्याआधी आणि आणल्यावर

वाघ्या आमच्या घरी आला तेव्हा ७ किलोंचा होता आणि धाकट्या लेकीच्या मांडीवर मावत होता. दीड वर्षाने तो ४७ किलोंचा झाला, पण मांडीवर बसायचा हट्ट काही सुटला नाही. आम्ही स्वित्झर्लंडमध्ये, बर्नपासून रेल्वेने अर्ध्या तासावर राहतो. बर्नीज माउंटन डॉग म्हणून जगभर ओळखला जाणारा कुत्रा इथलाच, आणि इथे त्याला बर्नर सेनेनहुंड म्हणतात. वाघ्याचं नाव मात्र शेजाऱ्यांना कधीच जमलं नाही. इथल्या जिभेला ‘घ’ नाही, त्यामुळे तो शेवटपर्यंत ‘वागिया’ राहिला. दुसऱ्या वेळी शहाणपण आलं. आताच्या कुत्रीचं नाव ठमी, आणि तिला अख्खी गल्ली ‘टामी’ म्हणून हाक मारते.

दर दोन-तीन महिन्यांनी स्वित्झर्लंडमधल्या एखाद्या मराठी घरातून फोन येतो, “पोरं मागे लागलीत, घेऊ का?” फोनवर मी जे सांगते तेच इथे लिहिते आहे, ज्या क्रमाने गोष्टी समोर येतात त्याच क्रमाने.

आधी चौघांतला कोणता, ते ठरवा

‘सेन’ म्हणजे आल्प्सच्या कुरणांवर गायी चारणारा आणि तिथेच चीज बनवणारा गवळी. त्याचा कुत्रा तो सेनेनहुंड. या नावाच्या स्विस जाती चार आहेत. चौघेही काळे, तांबूस आणि पांढरे अशा तीन रंगांचे असल्यामुळे फोटोत भावंडं वाटतात. घरात आणल्यावर मात्र चौघांचे चार स्वभाव दिसतात.

सगळ्यात मोठा ग्रोस श्वाइत्सर. नराची खांद्यापर्यंतची उंची ६५ ते ७२ सेंटिमीटर, केस आखूड, ताकद बैलाची. तो जवळजवळ विस्मृतीत गेला होता. १९०८ मध्ये लांगेनथालच्या प्रदर्शनात फ्रान्झ शेर्टनलाइब नावाच्या माणसाने आखूड केसांचा एक कुत्रा परीक्षकांपुढे आणला. परीक्षक होते आल्बर्ट हाइम, पेशाने झुरिकचे भूगर्भशास्त्रज्ञ. हा आखूड केसांचा बर्नर नसून वेगळीच जुनी जात आहे, हे त्यांनी ओळखलं. खडक वाचणाऱ्या माणसाने कुत्र्यांच्या जाती वाचवाव्यात, याची मला अजून गंमत वाटते.

दुसरा बर्नर. नर ६४ ते ७० सेंटिमीटर, मादी ५८ ते ६६, वजन साधारण ३५ ते ५० किलो. चौघांत लांब केसांचा हा एकटाच. पूर्वी त्याला ड्युरबाखलर म्हणत, रिगिसबेर्गजवळच्या ड्युरबाख या वस्तीवरून.

आपेनत्सेलर आणि एंटलेबुखर हे दोघे मध्यम आकाराचे. एंटलेबुखर नर तर जेमतेम ४४ ते ५० सेंटिमीटर. आकार बघून लोक म्हणतात, फ्लॅटसाठी हाच बरा. माझं मत बरोबर उलटं आहे. हे दोघे गुरं हाकणारे कुत्रे. गायीच्या टाचेला चावा घेऊन तिला वळवणं त्यांच्या रक्तात आहे, आणि गाय नसेल तर धावणाऱ्या पोरांच्या टाचा आहेतच. आपेनत्सेलर तर भुंकून भुंकून बिल्डिंग डोक्यावर घेतो. रोज डोंगर चढणारं किंवा कुत्र्यांचे खेळ शिकवणारं घर असेल तर त्यांच्यासारखा साथीदार नाही. ऑफिसातून सहाला दमून येणाऱ्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

घरात लोळणारा, पाहुण्यांच्या पायावर रेलून उभा राहणारा, पोरांचं सगळं सहन करणारा हवा असेल तर बर्नर. पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

जाता जाता एक सांगायला हवं. बर्नरच्या दोन्ही डोळ्यांवर तांबूस ठिपके असतात, म्हणून जुने शेतकरी त्याला ‘फियरॉयग्ली’ म्हणत, म्हणजे चार डोळ्यांचा. व्हिडिओ कॉलवर वाघ्याला पहिल्यांदा बघून माझे बाबा पुण्याहून म्हणाले, “अगं, हे तर यमाघरचं कुत्रं!” ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या दोन कुत्र्यांना ‘चतुरक्षौ शबलौ’ म्हटलं आहे, चार डोळ्यांचे आणि ठिपक्याठिपक्यांचे. आम्ही तेव्हा खूप हसलो होतो.

किलोंच्या आधी वर्षं मोजा

फोनवर लोक विचारतात, किती खातो, केस किती गळतात, लाळ गाळतो का. किती जगतो, हे सहसा कोणी विचारत नाही. बर्न विद्यापीठाने स्वित्झर्लंडमधल्या बर्नरांचा केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मध्य आयुर्मान ८.४ वर्षं निघालं आणि निम्म्याहून जास्त कुत्रे कॅन्सरने गेलेले होते. दहा-बारा वर्षांचे बर्नर मी पाहिले आहेत, पण त्यांच्या भरवशावर आपला हिशोब बसवू नका.

म्हणून पहिली पायरी अशी: कागद घ्या आणि पोरांची वयं लिहा. मुलगी सहा वर्षांची असेल तर कुत्रा जाईल तेव्हा ती चौदा-पंधराची असेल. या गोष्टीबद्दल तिच्याशी आत्ताच, पिल्लू येण्याआधी बोला. आम्ही बोललो नव्हतो.

त्याच कागदावर दिवसाचे तास लिहा. हा कुत्रा अंगणात बांधून ठेवायचा नाही. थंडी त्याला चालते, एकटेपणा चालत नाही. मोठ्या कुत्र्यालाही सलग चार-पाच तासांपेक्षा जास्त एकटं ठेवू नये असं इथले प्रशिक्षक सांगतात, आणि पिल्लाला तर तासभरही जड जातो. दोघेही पूर्ण वेळ नोकरी करत असाल तर कुत्र्यांचं पाळणाघर आधी शोधा, पिल्लू नंतर. पाळणाघराचा महिन्याचा खर्च खाण्याच्या खर्चाला सहज मागे टाकतो.

घरमालक, शेजारी आणि धुण्याची खोली

भाड्याच्या घरात कुत्र्यासाठी घरमालकाची परवानगी बहुतेक करारांत लागते. ती लेखी घ्या, आणि परवानगीत जात व वजन स्पष्ट लिहून घ्या. ‘एक छोटा कुत्रा’ अशी परवानगी मिळवायची आणि मग बर्नर वाढवायचा, ही लबाडी सहा महिन्यांत उघडी पडते.

मजला कितवा? लिफ्ट आहे का? पिल्लाच्या सांध्यांना जिने वाईट आणि म्हाताऱ्या कुत्र्याला ते चढवत नाहीत. मधली चार-पाच वर्षं सोडली तर जिना हा शत्रूच. चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर कृपा करून हा विचार सोडा. ४५ किलो कडेवर घेऊन चार मजले उतरायचे, तेही रात्री दोनला, जुलाब झालेले असताना.

आणि धुण्याची खोली! इथे बिल्डिंगमध्ये कपडे धुण्याचं मशीन सामाईक असतं, ठरलेल्या दिवशी आपली पाळी येते. कुत्र्याची चादर त्यात धुतली आणि पुढच्या पाळीवाल्याच्या काळ्या पँटवर पांढरे केस आले, की नातं संपलं. आमच्याकडे तीन उपाय आहेत. चादर आधी बाहेर झटकायची, जमेल तेवढे केस रबरी हातमोज्याने ओढून काढायचे, आणि धुऊन झाल्यावर मशीन रिकामं एकदा चालवून जाळी पुसायची. दिवाळीला जिन्यातल्या प्रत्येक दारात चकल्यांचा डबा जातो तो वेगळाच.

पिल्लू कुठून घ्यायचं

स्विस कुत्रा संघाशी, म्हणजे ‘एसकेजी’शी संलग्न असा बर्नरांचा स्वतंत्र क्लब आहे आणि त्याच्याकडे पैदासकारांची यादी मिळते. नोंदणीकृत पिल्लाला साधारण दोन ते तीन हजार फ्रँक लागतात आणि बऱ्याचदा कित्येक महिने थांबावं लागतं. ऑनलाइन जाहिरातीत निम्म्या किमतीत, उद्याच, पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीतून मिळणारं पिल्लू घेऊ नका. ते कुठून आलं, किती आठवड्यांचं आहे, आई कुठे आहे, यातलं काहीच तुम्हाला कळणार नाही.

पैदासकाराकडे गेलात की पिल्लांकडे बघू नका. कठीण आहे, ठाऊक आहे. आधी आईकडे बघा. अनोळखी माणसाजवळ ती शांतपणे येते का? मग कागद मागा: आईवडिलांच्या खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे निकाल. खुब्याचा सांधा खोबणीत नीट न बसणं हे या जातीचं जुनं दुखणं, आणि कोपराचंही तसंच. शेवटी एक प्रश्न विचारा, जो फार थोडे लोक विचारतात: “या पिल्लांचे आजी-आजोबा किती वर्षं जगले आणि कशाने गेले?” चांगला पैदासकार या प्रश्नाने खूश होतो. तो वहीच काढून बसतो. जो विषय बदलतो त्याच्या घरून चहा पिऊन निघावं.

वाघ्याच्या वेळी मी विचारलं नव्हतं. ठमीच्या वेळी पहिला प्रश्न तोच होता.

कागदपत्रं, थोडक्यात

मायक्रोचिप पैदासकाराने बसवलेली असते. तुमची नोंद आधी गावाच्या कचेरीत, म्हणजे गेमाइंडेत होते आणि मग ‘अमिकुस’ या देशभराच्या नोंदवहीत कुत्रा तुमच्या नावावर चढतो. कुत्र्याचा वार्षिक कर गावागणिक वेगळा असतो. प्रशिक्षणाची सक्ती कँटनवर, म्हणजे इथल्या राज्यावर, अवलंबून आहे, तेव्हा आपल्या कँटनच्या पशुवैद्यक कार्यालयाचं पान वाचा, ओळखीच्यांच्या सांगण्यावर जाऊ नका. कुत्र्याने केलेल्या नुकसानीची जबाबदारी कायद्याने पाळणाऱ्यावर येते. त्यामुळे तुमच्या दायित्व विम्यात कुत्रा धरला आहे का ते बघा. उपचारांचा विमा घ्यायचा असेल तर पिल्लू धडधाकट असतानाच घ्या, एकदा लंगडल्यावर नाही.

पहिलं वर्ष: सगळं हळू

मराठी घरात पाहुण्यांचं प्रेम ताटात मोजतात, आणि कुत्र्यालाही तोच न्याय लावला जातो. या जातीच्या पिल्लावर तो अन्याय आहे. बर्नरचं पिल्लू पटापट वाढलं तर हाडं आणि सांधे मागे पडतात. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचं खाद्य वेगळं मिळतं. त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण मोजून ठेवलेलं असतं. वरून कॅल्शियमची पावडर, दूध, अंडी यांची भर घालू नका. “हाडं मजबूत होतील” म्हणून घातलेलं जादा कॅल्शियम हाडं बिघडवतं. पिल्लू गुबगुबीत नको. छातीवरून हात फिरवल्यावर फासळ्या बोटांना लागल्या पाहिजेत.

पहिले तीन महिने जिना उचलूनच चढवायचा-उतरवायचा. गाडीतून उडी मारू द्यायची नाही. लाकडी गुळगुळीत जमिनीवर सतरंज्या घाला, पाय घसरणं सांध्यांना फार वाईट. मात्र हिरवळीवर मोकळं, त्याच्या मनाने, दमलं की बसेल असं खेळू द्या. ते चांगलंच असतं. वाईट असतं ते पट्टा बांधून तास-तास फरफटत नेणं आणि चेंडूमागे पुन्हा पुन्हा पळवणं. मोठ्या पल्ल्याच्या डोंगरवाटा दीड-दोन वर्षांनंतर.

जगाची ओळख मात्र लगेच सुरू करा. साधारण चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू जे शांतपणे बघेल ते त्याला आयुष्यभर साधं वाटतं. ट्रॅम, चर्चची घंटा, काठी टेकणारे आजोबा, छत्री, हेल्मेट घातलेला पोस्टमन, व्हॅक्युम क्लीनर. आम्ही वाघ्याला टोपलीत घालून बर्न स्टेशनच्या बाकावर नुसते बसून राहायचो, वीस मिनिटं. बर्नरमध्ये भित्रेपणाची एक रेघ असते, आणि ४५ किलोंचा भित्रा कुत्रा सांभाळणं अवघड आहे.

पट्ट्यावर नीट चालणं २० किलोंच्या आत शिकवा. चौथ्या-पाचव्या महिन्यात तो टप्पा ओलांडला जातो. नंतर तोच तुम्हाला शिकवतो. पद्धत सोपी आहे: ओढलं की आपण थांबायचं, पट्टा सैल झाला की चालायचं. पहिला आठवडा दूध आणायला अर्धा तास लागतो. ओरडू नका. हा कुत्रा मऊ मनाचा आहे, आवाज चढला की तोंड फिरवून बसतो आणि दोन दिवस लक्षात ठेवतो.

शिकवायचं कुठल्या भाषेत? आम्ही हौसेने मराठीत सुरुवात केली. ‘बस’ म्हटलं की वाघ्या बसायचा. मग जेवताना कोणी “बस, आता पोळी नको” म्हणालं की तो टेबलाखाली धपकन बसायचा. आणि ‘ये’ तर आपल्या प्रत्येक वाक्यात येतो. शेवटी जर्मन शब्द घेतले: ‘झिट्स’ म्हणजे बस, ‘प्लाट्स’ म्हणजे आडवा हो, ‘हिअर’ म्हणजे इकडे ये. कुत्र्यांची शाळा, पाळणाघर, शेजारची आजी, सगळ्यांना तेच शब्द येतात. मराठी आम्ही लाडासाठी राखून ठेवली.

पोरांसाठी आमच्याकडे तीन नियम होते आणि ते मोडले की त्या दिवशी कार्टून बंद. झोपलेल्या कुत्र्याला हात नाही. जेवणाऱ्या कुत्र्याजवळ जायचं नाही. त्याच्या पाठीवर बसायचं नाही, मग फोटो कितीही गोड येवो. चौथा नियम आमच्यासाठी होता: मुलांना एकटं त्याला फिरवायला पाठवायचं नाही. मांजर दिसल्यावर वाघ्याने जाऊबाईंना, त्या ६० किलोंच्या असून, कुंपणापर्यंत नेलं होतं.

स्वयंपाकघर आणि पोट

सासूबाई सांगलीहून तीन महिने राहायला आल्या. घरात कुत्रा म्हणून आधी नाक मुरडलं. तीन आठवड्यांत टेबलाखालून तुपाची पोळी जाऊ लागली. त्या परत गेल्या तेव्हा वाघ्याचं वजन ४ किलोंनी वाढलं होतं आणि तो डाव्या पुढच्या पायावर लंगडत होता. वजन उतरवायला पाच महिने लागले.

पोळीपेक्षा गंभीर गोष्टी आपल्या डब्यांत आहेत. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतात, कच्चे असोत की फोडणीतले. त्यामुळे आमटी, भाजी, पावभाजी, काहीच नाही. मनुका, बेदाणे आणि द्राक्षं मूत्रपिंड बंद पाडू शकतात. शिरा, श्रीखंड, पुलाव यांत ते असतातच, आणि इथल्या नाताळच्या केकमध्येही. चॉकलेट, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम, मॅकाडेमिया नावाचा सुकामेवा, हेही नाही. ही यादी फ्रिजवर मराठीत लावा. आजी-आजोबा येतात तेव्हा तीच वाचली जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठर हवेने फुगतं आणि स्वतःभोवती पीळ घेतं. रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कुत्रा जातो. खुणा पाठ करा: ओकारी काढायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न पण बाहेर काहीच येत नाही, फेस आणि लाळ, पोट ताठ आणि फुगलेलं, अस्वस्थ फेऱ्या, सारखं पोटाकडे वळून बघणं. हे दिसलं की ओवा नाही, हिंग नाही, सकाळपर्यंत वाट बघणं नाही. रात्रपाळीच्या पशुरुग्णालयाला गाडीत बसता बसता फोन करा, म्हणजे ते शस्त्रक्रियेची तयारी ठेवतात. तो नंबर आजच फोनमध्ये टाका.

टाळण्यासाठी जेवण दिवसातून दोन किंवा तीन वेळा विभागून द्या. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर तरी धावपळ नको. अधाशी असेल तर उंचवटे असलेल्या ताटलीत द्या, त्यातून खायला वेळ लागतो. वंध्यीकरणाच्या वेळी जठर पोटाच्या भिंतीला टाचून घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. ठमीचं आम्ही करून घेतलं आहे.

उन्हाळा आणि केस

या कुत्र्याला उणे दहा अंशात बर्फात झोपू द्या, तो खूश. पारा २५ च्या वर गेला की तो वेगळाच प्राणी होतो. जुलैत आमचं फिरणं सकाळी सहाला आणि रात्री नऊनंतर. रस्ता तापलाय का हे हाताच्या मागच्या बाजूने पाहायचं. सात सेकंद हात ठेववत नसेल तर पंजाही ठेवायचा नाही. सावलीतली गाडीसुद्धा भट्टी होते, ‘पाच मिनिटांत येते’ म्हणूनही आत सोडू नका. जोरात धापा, गडद लाल जीभ, लडखडणं दिसलं तर गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टर गाठा.

गरम होतं म्हणून केस भादरू नका. वरचे लांब केस ऊन अडवतात, आणि एकदा भादरले की नीट परत येतील याची खात्री नसते. काढायची ती आतली मेलेली लोकर. एरवी आठवड्यातून दोनदा ब्रश, आणि वसंतात व शरदात लोकर सुटते तेव्हा रोज. कानामागे आणि मांड्यांच्या झालरीत गुंते होतात, तिथे आधी बोटांनी सोडवा, मग कंगवा. आंघोळ क्वचित. चिखल वाळला की आपोआप झडतो, अर्थात तुमच्या गालिच्यावर.

गायी, गोचिडी आणि गाडा

गायींबरोबर राहण्यासाठीच घडलेला हा कुत्रा, पण आजच्या डोंगरवाटेवर त्याला सर्वांत मोठा धोका गायींचाच. वासरं जवळ असलेल्या गायी कुत्र्याला लांडगाच समजतात. ‘मुटरक्यूहे’, म्हणजे वासरांसोबतच्या गायी, अशी पाटी दिसली की लांबून वळसा घाला, कुत्रा छोट्या पट्ट्यावर ठेवा. गाय अंगावर आलीच तर पट्टा सोडून द्या. कुत्रा पळून वाचतो, पट्टा धरून ठेवणारा माणूस तुडवला जातो. हे वाचून बरं वाटत नाही, पण लक्षात ठेवा.

जंगलात अनेक कँटनमध्ये एप्रिल ते जुलै पट्टा सक्तीचा असतो, कारण हरणांची पाडसं आणि पक्ष्यांची घरटी तेव्हाच असतात. घरी आल्यावर गोचिडी शोधा: कानाच्या पाळीत, काखेत, बोटांच्या मधे. लांब काळ्या केसांत डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनी चाचपून काढाव्या लागतात. कुत्र्यावरून गोचीड सोफ्यावर आणि सोफ्यावरून आपल्यावर येते. गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची लस घरातल्या माणसांनी घ्यावी.

रेल्वेत खांद्यापर्यंत ३० सेंटिमीटरपेक्षा उंच कुत्र्याला तिकीट लागतं, दुसऱ्या वर्गाचं अर्धं. तिकीट तपासनीस बहुधा आधी कुत्र्याला कुरवाळतो, मग तिकीट बघतो.

बर्नरचे पूर्वज दुधाचे हंडे लादलेला गाडा गावच्या चीज कारखान्यापर्यंत ओढत. आजही क्लबात गाडा ओढायला शिकवतात आणि कुत्र्याला तो खरोखर आवडतो. पण दोन वर्षांआधी नाही, आणि सांध्यांचे एक्स-रे पाहिल्याशिवाय नाही. वाघ्या रविवारी जुनी वर्तमानपत्रं रद्दीच्या ठिकाणी पोचवायचा. रद्दीसाठी इतकं कौतुक झालेला दुसरा प्राणी नसेल.

पुण्याला नेऊ का?

हा प्रश्न दोन प्रकारे येतो. एक, सुट्टीत घेऊन जाऊ का? रेबीजच्या दृष्टीने भारत जोखमीच्या देशांत मोडतो. परत येताना रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी लागते, आणि ती इथून निघण्यापूर्वी केलेली नसेल तर परतीला तीन महिन्यांची प्रतीक्षा आडवी येते. शिवाय विमानाच्या पोटात एवढा प्रवास. तीन आठवड्यांच्या लग्नसराईसाठी हे करू नका, इथल्या चांगल्या कुत्रा-वसतिगृहात ठेवा आणि तिथे आधी दोन-तीन रात्रींची सवय करा.

दोन, कायमचं परत जातोय, किंवा पुण्या-मुंबईतच विकत मिळतोय, घेऊ का? मिळतो, हे खरं. एसीत ठेवतातही. पण एप्रिलमध्ये पुण्यात सकाळी आठनंतर संध्याकाळपर्यंत हा कुत्रा बाहेर पडू शकत नाही आणि मुंबईच्या दमटपणात धापा टाकूनही अंग गार होत नाही. वीज गेली की काय करणार? माझं उत्तर नाही असंच आहे. यावरून दोन मैत्रिणी रागावल्या आहेत.

पाच वर्षांनंतर

पाचव्या वर्षापासून सहा महिन्यांनी तपासणी. दर रविवारी ब्रश करताना सगळं अंग चाचपा: गळा, काख, जांघ, छाती. नवीन गाठ लागली की तिची जागा आणि आकार लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. कारण नसताना लंगडणं, जेवण अर्धं सोडणं, फिरताना मध्येच बसणं, यातलं काहीही आठवडाभर चाललं तर ‘वय झालं’ म्हणू नका. या जातीत हिस्टिओसायटिक सार्कोमा नावाचा कॅन्सर इतर जातींपेक्षा फार जास्त आढळतो आणि तो वेगाने पसरतो. वाघ्याने एका सोमवारी नाश्ता सोडला. त्यानंतर तो सहा आठवडे होता. सव्वासात वर्षांचा.

घर आधीच तयार ठेवा. गाडीला उतरंडीची फळी लावा आणि ती तरुणपणीच शिकवा, कारण दुखायला लागल्यावर कुत्रा नव्या फळीवर पाय ठेवत नाही. मागचे पाय उचलायला पोटाखालून घालायचा पट्टा मिळतो. जाड गादी हवी, आणि ती तुमच्या खोलीत.

शेवटचा निर्णय घ्यायची वेळ येते. बरेच डॉक्टर घरी येतात, आधी विचारून ठेवा. आम्ही रोजच्या कॅलेंडरवर चांगल्या दिवसाला हिरवी आणि वाईट दिवसाला लाल खूण करत होतो, मुलीच करायच्या. सलग लाल आले तेव्हा थोरलीनेच म्हटलं, “आई, आता फोन कर.”

एक गोष्ट मला कोणीच आधी सांगितली नव्हती. स्वित्झर्लंडमध्ये स्वतःच्या बागेत पुरता येतो तो १० किलोंपर्यंतचाच प्राणी. बर्नरला बागेत जागा नाही. गावाच्या मृत जनावरांच्या केंद्रात किंवा प्राण्यांच्या दाहगृहात न्यावं लागतं. दाहगृह दोन प्रकारे करतं, एकत्र किंवा स्वतंत्र, आणि राख परत हवी असेल तर स्वतंत्र सांगावं लागतं. त्यांचा नंबर, घरी येणाऱ्या डॉक्टरांचा नंबर आणि ‘स्वतंत्र’ या अर्थाचा जर्मन शब्द, ‘आइन्त्सल’, एका चिठ्ठीवर लिहून मनुका-बेदाण्यांच्या यादीशेजारी फ्रिजवर लावा. त्या दिवशी जर्मन आठवत नाही.